टेलची घागर

हणमंत खरातला गोळी लागली तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गोदावरी काळेल त्या वेळी जमिनीखाली एकशे चाळीस मीटरवर, लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला, हातात खडूचा तुकडा घेऊन उभी होती. तिला आधी वाटलं, बाहेर कुणाच्या तरी हातून जड पाना पडला. मग दाराखालच्या फटीतून रक्त आत आलं.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत सांगत होते, की त्या दाराआड जगातली सर्वांत मौल्यवान वस्तू ठेवलेली होती. सांगणाऱ्याचं काय जातं! तिथे पाणी ठेवलेलं होतं. स्टीलच्या बारा घागरी, प्रत्येकी वीस लिटरची, झाकणं रबर लावून घट्ट आवळलेली, आणि प्रत्येकीच्या पोटावर खडूने घातलेला एक आकडा. या पाण्यासाठी माणसं मारायला माणसं का आली, ते आधी सांगायला हवं.

माण तालुक्याच्या माळाखाली, काळ्या पाषाणात, नव्वद किलोमीटर लांबीचा एक गोल बोगदा खणलेला आहे. त्यात प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोरून आणून एकमेकांवर आदळवतात. निसर्गाने आपल्याला अर्धंच कुटुंब दाखवलंय, असा शास्त्रज्ञांचा ऐंशी वर्षांपासूनचा संशय होता. आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असला पाहिजे, असं त्यांचं गणित म्हणे. या गणिताला सुपरसिमेट्री म्हणतात, मराठीत अतिसममिती. जोडीदार जड, म्हणून त्याला जन्माला घालायला टक्करही तशीच जबरदस्त लागते. युरोपातलं यंत्र थकलं, त्यानंतरचं थकलं, जोडीदार काही सापडला नाही. पुष्कळांनी नाद सोडला. माणदेशातल्या वर्तुळात तिसऱ्या वर्षी तो सापडला. टाऊ नावाच्या कणाचा हा जड भाऊ, म्हणून त्याचं नाव स्टाऊ.

इतर जड कण जन्मताच फुटून जातात. हा फुटत नव्हता. सरासरी चौदा महिने जगायचा. शिवाय चालायला मंद. टकरीतून निघालेले बाकीचे कण क्षणात पसार व्हायचे आणि हा जत्रेत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासारखा सावकाश यायचा. पाण्यातून जाताना त्याचा उरलासुरला वेग संपायचा आणि तो तिथेच बसायचा. म्हणून यंत्राभोवती सोळा मोठ्या टाक्या बांधल्या आणि त्यांत कण धरायला सुरुवात केली. टाक्यांतलं पाणी मग फिरत्या स्तंभांच्या रांगेतून काढायचं. एकूण बारा स्तंभ. प्रत्येक स्तंभ पाणी गरगरा फिरवून जड रेणू पुढच्याकडे ढकलायचा. कण बसलेला रेणू जड, त्यामुळे शेवटी सगळे कण बाराव्या स्तंभाखालच्या घागरीत जमायचे. बाकीच्या अकरा घागरींत साधं पाणी, तेही ताळा करायला ठेवलेलं. वर्षभराच्या या उठाठेवीतून चारशे बारा कण मिळाले. कुठल्याही काट्यावर त्यांचं वजन लागत नाही.

हे इथवरच राहिलं असतं तर घागरींकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण ऋण भाराचा स्टाऊ हायड्रोजनची दोन केंद्रकं एकमेकांना चिकटतील इतकी जवळ ओढतो, असं कुणीतरी दाखवून दिलं. दोन केंद्रकं एक झाली की सूर्यात निघते तशी ऊर्जा निघते. सूर्याला त्यासाठी भयंकर उष्णता लागते, स्टाऊला काहीच लागत नाही. एक जोडी लावून तो मोकळा होतो, दुसरी लावायला घेतो. चौदा महिन्यांत एक कण किती जोड्या लावील, यावर जगभर आकडेमोड सुरू झाली आणि आकडे जितके मोठे तितके लोक खूश झाले. कुणी म्हणे शहर उजळेल, कुणी म्हणे बाँब होईल. डॉक्टर नसीम मुजावर, ज्यांच्या तुकडीने कण पकडला होता, त्या म्हणत होत्या की आधी मोजू द्या. ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

गोदावरी या घागरींची मुकादम होती. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण खाली सगळे तिला पाटकरीण म्हणायचे आणि ते तिला आवडायचं. तिचे वडील, तात्या, उजव्या कालव्याच्या सात नंबरच्या चारीवर पाटकरी होते. चारीत पाणी आलं की कुणाची पाळी कधी, हे पाटकरी ठरवतो आणि दारं उघडतो. तात्यांचा एक नियम होता. चारीच्या शेवटाला, टेलला, जो बसलाय त्याला पहिलं पाणी. मग खालून वर येत यायचं. तोंडाशी बसलेल्याला पाणी कसंही मिळतं, असं ते म्हणायचे. त्यांच्या वहीत टेलचं शेत एक नंबर आणि तोंडाचं शेत शेवटचा नंबर असायचा.

तोंडाशी बसलेल्यांना हे मानवलं नाही. एका वैशाखात तिघे जण फावडी घेऊन आले आणि वरचं दार आधी उघड म्हणाले. तात्यांनी दाराचं चाक सोडलं नाही. पंधरा वर्षांची गोदा आणि नऊ वर्षांचा सोपान भाकरी घेऊन बांधावरून येत होते. त्यांनी पहिलं फावडं बसताना पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि चौथ्यानंतर तात्यांचे हात चाकावरून सुटताना पाहिले. सोपान पळत जाऊन त्या चाकाला लटकला. त्याला सोडवताना लोकांना त्याची बोटं एकेक करून उलगडावी लागली. त्या दिवसापासून काळेलांच्या घरात टेलपासून मोजणं ही नुसती मोजायची पद्धत राहिली नाही.

त्यामुळे पहिल्या वर्षी गोदाच्या हातून जे झालं ते सहज झालं. स्तंभांखालून घागरी काढून खालच्या खोलीत नेऊन ठेवायच्या. या खोलीला सगळे विहीर म्हणत, कारण ती खोल होती आणि तिथे दगडाशिवाय कसलाच आवाज पोचत नसे. तिथल्या गोल मांडणीवर घागरी बसवायच्या. गोल मांडणीला तोंड नसतं आणि टेलही नसतं, म्हणून आकडे खडूने घालायचे. गोदाने आकडे घातले, शेवटच्या स्तंभापासून. म्हणजे कागदावरची बारा तिच्या खडूने एक झाली आणि कागदावरची एक बारा झाली. शास्त्रज्ञांनी बारा नंबरची घागर मोजणीच्या खोक्यात ठेवली आणि तिच्यासमोर तीन आठवडे डोळे लावून बसले. स्टाऊ मरताना एक ठिणगी उडते, ती दिसायला हवी होती. साध्या पाण्यात कसली ठिणगी? नसीम मॅडमची झोप उडाली. आपला कण खोटा निघाला असं त्या धरून चालल्या.

घोळ उघडकीस आला तेव्हा मॅडम आधी खूप हसल्या आणि मग भिंतीला टेकून रडल्या. गोदाने त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"मॅडम, पाणी शेवटी जातं तिथनं मोजायचं आसतं. पयलं कुठं पोचतं ते मोजून काय करायचं?"

"तुमचं बरोबर आहे, गोदाताई," मॅडम म्हणाल्या. "पण कागद उलटा आहे."

वरून मेमो आला. गोदाने तो दोनदा वाचला, फडकं ओलं केलं, आकडे पुसले आणि कागदाप्रमाणे पुन्हा घातले. चारशे बारा कणांची घागर बारा झाली. तात्यांच्या हातातलं चाक आपणच सोडलं असं तिला त्या वेळी वाटलं, आणि हे तिने घरी कुणालाच सांगितलं नाही. सोपानला तर नाहीच. तो तोवर गावभर सांगून मोकळा झाला होता, की आमची आक्का तिथंबी टेलपासनंच मोजते, शास्त्रज्ञांना झुकवलं तिनं. त्याचा चेहरा इतका फुललेला असायचा की तिला मेमोची गोष्ट काढवेना.

सोपान त्याच प्रकल्पावर सुरक्षेला होता, आत येण्याच्या फाटकांचा प्रमुख. तो मनाने बदलत चाललाय हे गोदाला दिसत होतं. यंत्र थंड ठेवायला कालव्याच्या तोंडाशी पाणी उचलायचे, आणि गेली दोन वर्षं सात नंबरच्या चारीच्या टेलला थेंब पोचला नव्हता. टेललाच सोपानचं शेत होतं, आणि त्याच्यासारखी आणखी चाळीस घरं. त्याने अर्ज केले, उपोषण केलं. एकदा जेवताना तो म्हणाला की तात्यांना तिघांनी मारलं, आता हजार जण मिळून मारतायत आणि आपण दोघं त्यांच्यात चाकरीला आहोत. गोदाने ताटात भाकरी वाढली आणि विषय बदलला. अशा माणसाला कुणीतरी हेरणारच. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस त्याला भेटला आणि म्हणाला, आम्हाला एक घागर द्या, आम्ही तुमच्या टेलपर्यंत स्वतंत्र पाइपलाइन टाकून देतो. कुणाच्या अंगाला नखही लागणार नाही. सोपानने विश्वास ठेवला. जो माणूस चाळीस घरांसाठी मागतोय त्याला आपण काही चुकीचं करतोय असं सहसा वाटत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यंत्र बंद ठेवून देखभाल करतात. त्या दिवशी बाहेरची माणसं हत्यारांच्या पेट्या घेऊन खाली येतात. त्या मंगळवारी निळ्या डगल्यांतले सहा जण मालाच्या लिफ्टने उतरले, आणि वाटेतलं प्रत्येक फाटक सोपानने स्वतः उघडून दिलं. विहिरीच्या दाराशी हणमंत खरात होता. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. त्याने ओळखपत्रं मागितली, पाहिली, आणि सवयीप्रमाणे पुन्हा एकदा मागितली. पुढच्याने त्याच्या गळ्यात गोळी घातली.

दार उघडलं. आत गोदा आणि नसीम मॅडम दोघीच होत्या. मॅडम काचेच्या खोलीतून बाहेर आल्या, आणि काय चाललंय हे कळल्यावर मांडणीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. एकाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. त्याने बंदुकीचा दस्ता त्यांच्या जबड्यावर घातला. त्या पडल्या, तोंडातून रक्त आणि दोन दात फरशीवर आले, आणि त्या हाताने मांडणी धरून पुन्हा उभ्या राहिल्या. तेव्हा त्याने नळी खाली केली आणि अजिबात घाई न करता त्यांच्या उजव्या गुडघ्यात गोळी मारली.

गोदाच्या हातात झाकणं आवळायचा लांब दांड्याचा पाना होता. तो तिने कधी उचलला ते तिलाही आठवत नाही. पहिला घाव त्या माणसाच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा तोंडावर बसला. तो गुडघ्यांवर आला तेव्हा तिने तिसरा उगारला होता, आणि तो बसता तर माणूस मेला असता, याबद्दल तिला आजही शंका नाही. मागून कुणीतरी तिच्या दोन्ही दंडांना मिठी घातली.

"आक्का, थांब. तुला काय करत न्हाईत. थांब म्हणतो न्हवं."

त्या आवाजासरशी तिने उगारलेला पाना खाली घेतला. बाहेर पडलेला हणमंत, फरशीवर तडफडणाऱ्या मॅडम आणि हा आवाज यांचा संबंध लावायला तिला थोडा वेळ लागला. मग लागला. तिने मान वळवून भावाकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता आणि सारखं एकच म्हणत होता, की असं ठरलं नव्हतं, कुणाला काही करायचं नव्हतं.

त्यांच्या म्होरक्याला जाड भिंगाचा चष्मा होता. पडलेल्या साथीदाराकडे त्याने पाहिलंही नाही. खिशातून कागद काढला, प्रकल्पाच्याच नोंदीची नक्कल होती ती, आणि बारा नंबरच्या घागरीवर हात ठेवून म्हणाला, ही उचला. ती बरोबर घागर होती. दोघे जण ती उचलायला वाकलेसुद्धा.

"थांबा," सोपान म्हणाला. "कागदावर बारा हाय. पण आकडे माझ्या बहिणीनं घातल्यात, आन् ती टेलपासनं मोजते. तिची एक म्हंजी तुमची बारा."

चष्मेवाल्याने गोदाकडे पाहिलं. त्याने सोपानला सांगितलं, की खात्री करून घे, कारण चूक झाली तर ती तुझी. तो हे इतक्या साधेपणाने म्हणाला की त्यात धमकी शोधावी लागत नव्हती. नेलेली घागर हे लोक मोजणार. चारशे बारा कण असले तर दिवसाला सरासरी एक ठिणगी दिसली पाहिजे. दोन दिवस दिसली नाही तर नशीब म्हणता येतं, तिसऱ्या दिवशी म्हणता येत नाही. गोदाला हे पाठ होतं, तीन आठवडे साध्या पाण्याच्या घागरीसमोर तीही बसली होती. ती हे सगळं जाणत होती, हे विसरून चालणार नाही.

सोपानने तिला समोर वळवलं. लहानपणी तिच्याकडे पाहायचा तसं खालून वर पाहिलं, वास्तविक तो तिच्याहून वीतभर उंच होता.

"आक्का, टेलपासनंच मोजलंयस न्हवं?"

मॅडम फरशीवरून तिच्याकडे बघत होत्या. जबडा फुटला होता, बोलता येत नव्हतं. हणमंतचं रक्त दाराखालून येऊन गोदाच्या चपलेपर्यंत पोचलं होतं. हणमंतच्या पोरीच्या बारशाला ती गेली होती.

"व्हय," ती म्हणाली.

"तात्यांवाणी?"

"तात्यांवाणी."

त्यांनी एक नंबरची घागर उचलली. तिच्यात साधं पाणी होतं. जाताना चष्मेवाल्याने हात मोडलेल्या साथीदाराला डोक्यात गोळी घालून तिथेच सोडलं आणि सोपानला बरोबर घेतलं. सोपानने दारातून एकदा मागे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा होता आणि त्यातूनही थोडा अभिमान, आपल्या घराची रीत वेळेला कामी आल्याचा. गोदा खाली बसली, साडीचा पदर फाडून तिने मॅडमचा पाय मांडीपाशी करकचून बांधला, आणि वरून माणसं येईपर्यंत दोन्ही हातांनी जखम दाबून धरली.

तिने ते व्हय रागाने म्हटलं. ते कुठे लपवायचं कारण नाही. घागर वाचावी, चार वर्षांचं काम वाचावं, देशाचं काही वाचावं, हे सगळं तिला नंतर लोकांनी सांगितलं. त्या क्षणी तिच्या मनात एवढंच होतं, की दार याने उघडलं.

राग संध्याकाळपर्यंत टिकला. पोलिसांपुढे जबानी देताना तिच्या तोंडून वाक्य निघालं, की चुकीची घागर गेलीय, आणि ते स्वतःच्याच कानांनी ऐकल्यावर ती खुर्चीवरून उठली. तिने अधिकाऱ्याचे पाय धरले. गाडी शोधा, रस्ते अडवा, आणि घागर चुकीची गेलीय हे बाहेर फुटू देऊ नका. त्यांनी फुटू दिलं नाही. गाडी मात्र सापडली नाही. प्रकल्पाच्या संचालकांना ती म्हणाली, खरी घागर त्यांना देऊन टाका, माझा भाऊ आणा. त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि टेबलावरच्या फायलीकडे पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. पोलीस समोरच बसलेले होते, बोलत राहा अशी खूण त्यांनी केली.

"आक्का, दोन दिस झालं, एकबी ठिणगी न्हाई. ही टेलचीच न्हवं?"

त्याचा आवाज दाबलेला होता. कुणीतरी त्याच्याजवळ उभं होतं. न्हाई म्हटलं तर त्याला तिथल्या तिथे संपवणार, हे तिला कळत होतं.

"व्हय. टेलचीच."

"खरं सांग."

"खरं सांगते, सोपाना. दम धरा म्हणावं त्यास्नी. दिसंल."

फोन कापला गेला. पहिल्यांदा ती व्हय म्हणाली ते रागाने, दुसऱ्यांदा म्हणाली ते मायेने. शब्द एकच होता, आणि त्याला काही दोन अर्थ नव्हते.

सोपान पाचव्या दिवशी सकाळी सापडला. सात नंबरच्या चारीच्या टेलला, कोरड्याठाक सिमेंटवर, पालथा. हात मागे तारेने बांधलेले, शेजारी घागर आडवी पडलेली. खडूचा एक नंबर तिच्या पोटावर तसाच होता. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी अहवाल दोनदा लिहिला, कारण पहिल्यांदा त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. माणूस बुडून मेला होता. जिथे दोन वर्षं थेंब आला नव्हता तिथे. पकडल्यावर चष्मेवाल्याने सांगितलं, की तोंड घागरीत घालून धरलं होतं, आणि मरेपर्यंत तो एकच म्हणत होता, की माझी बहीण खोटं बोलायची नाही.

चारशे बारा कणांचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. मॅडम सहा महिन्यांनी कुबडी घेऊन परत आल्या आणि त्यांनी मोजलं. ऋण भाराचा स्टाऊ जोड्या लावतो हे खरं निघालं. पण जोडी लागली की हेलियम तयार होतो, आणि काही हजार जोड्यांनंतर कण त्या हेलियमलाच चिकटून बसतो. मग त्याच्याने काही होत नाही. बाराव्या घागरीतल्या सगळ्या कणांनी जन्मभर राबून चहाचा एक कप उकळला नसता. हे छापून आलं त्या दिवशी ज्यांनी शहरं उजळली होती ते सगळे एकदम गप्प झाले. कंपनीवाले दुसरीकडे वळले. हणमंत खरातची मुलगी शाळेत जायला लागली होती.

मॅडमना सगळं माहीत होतं, त्या तिथेच पडलेल्या होत्या. तरी त्या विषयावर दोघी बोलल्या नाहीत. एक दिवस मॅडमनी नव्या नोंदीचा कागद गोदापुढे ठेवला. यापुढे घागरींचे क्रमांक शेवटच्या स्तंभापासून, असं त्यावर छापलेलं होतं. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी तसं करावं म्हणून त्यांनी कळवलंही होतं. त्यांचा हेतू चांगला होता. गोदाने कागद वाचला, घडी घातली, रजेचा अर्ज दिला आणि सकाळच्या एसटीने टेलच्या वाडीवर गेली.

तारा, सोपानची बायको, दारात शेंगा निवडत होती. नणंद आलेली पाहून तिने पदर सारखा केला, चटई टाकली आणि आतून तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. गोदाने तांब्याला हात लावला नाही.

तारा शेंगा निवडत राहिली. थोड्या वेळाने तिने वर न पाहता विचारलं. वर्षभर हा प्रश्न तिने उराशी धरलेला असणार, कारण तो एकदम, न अडखळता आला.

"वन्सं, समदी म्हणत्यात, त्यांनी नंबर इसरला. त्यांचं चुकलं. असंच झालं का?"

नुसतं हो म्हटलं तरी भागलं असतं. पोलिसांच्या कागदावरही तसंच होतं. गोदाच्या ओठांवर तो शब्द आलाही, तिसऱ्यांदा.

"न्हाई," ती म्हणाली. "त्याचं चुकलं न्हाई. आकडे म्याच बदलले व्हते, त्याला ठावं न्हवतं. त्यानं मला इचारलं, टेलपासनंच न्हवं? म्या व्हय म्हणाले. फोनवर पुन्यांदा इचारलं. तवाबी व्हयच म्हणाले."

ताराच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिने चारीच्या दिशेने पाहिलं. गोदाला वाटलं, ही आता उठून मारील, आणि मारावं असं तिला मनापासून वाटत होतं. तारा उठली. तिने गोदापुढचा तांब्या उचलला, अंगणाच्या कडेला गेली, आणि सगळं पाणी शेवग्याच्या बुंध्यात ओतलं. मग तांब्या विसळून आत नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं.

गोदा उन्हात एसटीची वाट बघत उभी राहिली. एसटी तीन वाजता होती.